पायाची जखम आणि जांघेतील अवधाण

(ज्ञातिमंडळाच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम आमच्या मनात संकोच उत्पन्न झाला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, आणि सारे आयुष्य जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून मुलांना अक्षरओळख करून देण्यात घालविलेले पेन्शनर गृहस्थ. ज्ञातीच्या इतिहासावर अगर धर्मशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, आणि वैद्यकावर तर मुळीच नाही. तरीही आज आम्ही वैद्यकातलाच एक विषय निवडला आहे. या विषयाचे एक ऋण आमच्या शिरावर कित्येक वर्षे आहे. पुस्तके वाचून आणि डॉक्टर मित्रांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजले, ते आपल्यासमोर ठेवून ते ऋण अंशतः तरी फेडावे, एवढाच हेतू.

सन १९८८ च्या आषाढातली गोष्ट. संगमेश्वर तालुक्यातील एका गावी आम्ही शिक्षक होतो. लावणीचे दिवस. सातवीतला एक मुलगा सकाळी लंगडत शाळेत आला आणि म्हणाला, "गुरुजी, अंग मोडून आले आहे, घरी जाऊ का?" लावणीच्या दिवसांत अशा सबबी फार. मुले घरी जातात ती शेतावर. आम्ही त्याचा पाय पाहिला. टाचेपाशी काट्याची जुनी, जवळजवळ बुजलेली जखम होती आणि घोट्यापासून पोटरीवर एक तांबूस रेघ वर चढली होती. आम्ही म्हटले, "करवंदीत ओरबाडले असेल. बस जागेवर." मुलगा बसला. दुपारी तो बाकावर डोके टेकून निजला, तेव्हाही आम्ही त्यास हटकलेच.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी समजले की पाय गुडघ्यापर्यंत फुगला, जांघेत लिंबाएवढी गाठ आली, ताप डोक्यात गेला आणि मुलगा बरळू लागला. वहाळाला पूर. चार गड्यांनी त्यास डोलीत घालून सडकेपर्यंत नेले आणि तेथून तालुक्याच्या इस्पितळात. पायात पू झाला होता तो कापून काढावा लागला. तीन आठवड्यांनी तो वाचून घरी आला. ईश्वराची कृपा. परंतु त्या पायाची सूज पुरती कधीच उतरली नाही.

आम्ही जिला ओरखडा समजलो, ती रेघ ओरखड्याची नव्हती. कातडीखालील एक सूक्ष्म नळी आतून पेटलेली होती आणि ती आग जांघेकडे धावत होती. आज बोलावयाचे ते याच रेघेविषयी.

आपणां सर्वांस रक्त ठाऊक आहे, रक्तवाहिन्या ठाऊक आहेत. परंतु शरीरात वाहिन्यांचे आणखी एक जाळे असते, त्याची वार्ता आपल्या घरांतून क्वचितच असते. रक्तातील पातळ अंश बारीक केशवाहिन्यांतून झिरपून मांसात व त्वचेत उतरतो आणि पेशींना पोषण देतो. त्यातला बराचसा पुन्हा रक्तात शिरतो. पण काही शिल्लक राहतो. हा शिल्लक रस म्हणजे लसीका. तो गोळा करून परत रक्तात आणून सोडणाऱ्या नळ्या म्हणजे लसीकावाहिन्या. प्रौढ मनुष्याच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे २ ते ३ लिटर रस या मार्गाने परत येतो. या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही. आपण चालतो, हातपाय हलवितो, त्यामुळे स्नायूंचा दाब पडून रस पुढे सरकतो, आणि आतल्या झडपांमुळे मागे येत नाही. आपल्या बागेतल्या पाटाचे पाणी जसे उताराने वाहते तसे हे नव्हे. येथे पाणी चढणीवर न्यावयाचे असते. म्हणूनच पायाच्या रसाला सर्वांत अधिक कष्ट पडतात.

वाटेत जागोजागी नाकी असतात. त्या लसीकाग्रंथी. मनुष्याच्या शरीरात त्या सुमारे ५०० ते ७०० असतात. पायाच्या रसाचे मोठे नाके जांघेत, हाताचे काखेत, तोंडाचे व डोक्याचे मानेत. रसाबरोबर काही जंतू आले तर हे नाके त्यांना अडविते. तेथे झुंज लागली की ग्रंथी सुजते आणि दुखते. पायाला जखम झाली की जांघेत जे अवधाण येते, ते हेच. आपल्या आजीने अवधाण हा शब्द वापरला तेव्हा तिला लसीका ठाऊक नव्हती, पण पायाचा आणि जांघेचा संबंध तिने अचूक ओळखला होता. फक्त मधल्या वाटेकडे तिचे लक्ष गेले नाही. ती मधली वाट म्हणजे आमची लाल रेघ. डॉक्टर मंडळी या विकारास लसीकावाहिन्यांचा दाह म्हणतात.

आता याची कारणे पाहू. बहुतेक वेळा याच्या मुळाशी एक जंतू असतो. त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकातून पाहता तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. क्वचित स्टॅफिलोकॉकस नावाचा दुसरा जंतू असतो. गळू आणि केसतूड करणारा तो हाच. हे जंतू पुष्कळदा आपल्या कातडीवर, नाकात, घशात मुक्कामास असतातच. धड कातडी त्यांस आत येऊ देत नाही. दार उघडले की ते शिरतात.

आणि कोकणातल्या माणसाच्या कातडीला दारे किती! चिखलात अनवाणी लावणी करताना लागलेला काटा. जांभ्या दगडाची ठेच. विळीचा अगर कोयत्याचा घाव. कालवे काढताना शिंपल्याने कापलेले बोट, मासळी साफ करताना शिंगटीचा लागलेला काटा. आंबे उतरविताना चिकाने भाजलेली कातडी. खाजवून फोडलेला डासाचा चावा, इसब, नखुरडे, जळवातीच्या भेगा. कुत्र्यामांजराचा चावा हेही एक दार आहे. तेथे आणखी वेगळे जंतू आत जातात, आणि पिसाळीची भीती असते ती निराळीच. अशी जखम साबण व वाहते पाणी घेऊन पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घेण्यास जावे.

परंतु सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित दार म्हणजे चिखल्या. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, भिजते, सोलते, खाज सुटते. चार महिने आपण ती अंगवळणी पाडून घेतो. ज्यांचा पाय वारंवार सुजून येतो, त्यांच्या बोटांच्या बेचक्या डॉक्टर प्रथम पाहतात, ते याचसाठी.

लक्षणे सांगतो, ती विशेषतः मातांनी ध्यानात ठेवावीत. जखम झाल्यावर बहुधा एकदोन दिवसांत तिच्यापासून एक किंवा अनेक लाल रेघा निघतात आणि जवळच्या ग्रंथीकडे, म्हणजे पायावर जांघेच्या दिशेने आणि हातावर काखेच्या दिशेने, चढू लागतात. रेघ वेडीवाकडी, हाताला ऊन आणि दाबले असता दुखणारी. ग्रंथी सुजते. हुडहुडी भरून ताप येतो, डोके दुखते, अंग मोडते, अन्नावरची वासना जाते. कधी कधी ताप आधी येतो आणि रेघ मागाहून दिसते. तेव्हा घरचे लोक मलेरिया समजतात आणि पायाकडे कोणी पाहत नाही. कधी रेघेच्या वाटेवर फोड येतात. मूळ जखम अगदी क्षुल्लक, किंबहुना बरी होत आलेलीही असू शकते. आम्ही फसलो ते येथेच.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पुस्तकांतून जी लाल रेघ वर्णिलेली असते, ती गोऱ्या कातडीवरची. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ती लाल न दिसता काळपट अगर जांभळट दिसते, कित्येकदा दिसतच नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. हाताचा पालथा पंजा दोन्ही पायांवर फिरवून पाहावा. एका पायावर उष्ण आणि दुखरी अशी पट्टी लागली, तर तीच रेघ समजावी.

ओरखडा आणि ही रेघ यांतला भेद असा. ओरखडा वाटेल त्या दिशेने जातो, त्यावर खरचटल्याची खूण असते आणि तो होता तेवढाच राहतो. ही रेघ नेहमी ग्रंथीची दिशा धरते आणि तासातासाने पुढे सरकते. शिरेत रक्त गोठून दाह झाला तर कातडीखाली दोरीसारखी टणक शीर लागते. तो विकार वेगळा. धावरे, ज्यास वैद्य विसर्प म्हणतात, त्यात रेघ नसून लालबुंद चट्टा कडेने पसरत जातो. पण त्याचा जंतू बहुधा हाच, आणि दोन्ही एकत्रही येतात. आपल्या जिल्ह्यात फुरसे पुष्कळ. अंधारात पायाला काही लागले, पाय भराभर सुजला आणि जांघ दुखू लागली, तर काटा समजून बसू नये; सर्पदंश समजून थेट इस्पितळ गाठावे.

काही वेळा रेघेच्या वाटेवर गाठींची माळ दिसते. ती आठवड्यांनी आणि महिन्यांनी वाढते, ताप फारसा नसतो. मातीतील बुरशी काट्याबरोबर आत गेल्याने, अगर पाण्यातील व मासळीवरील क्षयवर्गाच्या एका जंतूने असे होते. नेहमीच्या औषधाने ती हटत नाही, तेव्हा गाठीचा अंश तपासून घ्यावा लागतो. क्वचित कर्करोगही लसीकावाहिन्यांतून पसरतो आणि दाहासारखा भासतो. स्तनावरची लाली औषधाने न हटल्यास कोणाही भगिनीने लाजेपायी ती लपवू नये.

हा विकार उपेक्षेने किती घातक होतो, याचे उदाहरण इतिहासात आहे. सन १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे कोलेच्का नावाचे प्राध्यापक शवविच्छेदन करीत असता एका विद्यार्थ्याच्या सुरीचे टोक त्यांच्या बोटास लागले. त्या हाताच्या लसीकावाहिन्यांचा व शिरांचा दाह झाला आणि ते मृत्यू पावले. त्यांचे मित्र डॉक्टर सेमेलवाइस यांनी तो वृत्तांत वाचला आणि त्यांच्या ध्यानी आले की सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाळंतिणींच्या शरीरात हेच बदल असतात. शवाचे विष डॉक्टरांच्या हातांवरूनच बाळंतिणींना जाते, असे अनुमान त्यांनी बांधले आणि प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्याने हात धुतल्यावाचून बाळंतिणीस शिवू नये असा नियम केला. मृत्यू झपाट्याने घटले. एका बोटाच्या टोचणीतून जगाला हात धुण्याचे शास्त्र लाभले.

औषधाची कथाही अशीच. सन १९३५ मध्ये जर्मनीत डोमाक या शास्त्रज्ञाच्या लहान मुलीच्या हातात सुई मोडली. जंतू हातभर पसरले, हात कापण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा पित्याने स्वतः शोधलेले प्रोन्टोसिल हे तांबडे औषध तिला दिले आणि मुलगी हातासकट वाचली. फ्लेमिंग यांस पेनिसिलिन १९२८ मध्ये आढळले होते. ते औषध म्हणून प्रचारात आले दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन बनू लागले. आमच्या वडिलांच्या पिढीला जे दुर्लभ होते ते आज तालुक्याच्या गावी सहज मिळते. तरीही आपली माणसे उशिरा पोहोचतात, याला औषध काय करणार?

आता हत्तीपायाविषयी. त्याचे मूळ सुतासारखा एक कृमी, फायलेरिया. क्युलेक्स जातीचा डास तो एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या अंगी नेतो. मोठे कृमी लसीकावाहिन्यांतच बिऱ्हाड करतात आणि तेथे वर्षानुवर्षे जगतात. त्यांची सूक्ष्म पिल्ले रात्री रक्तात फिरतात, म्हणून आरोग्यखात्याची माणसे रात्री येऊन बोटातून रक्त घेत असत. मोठा कृमी मेला की त्या जागी दाह होतो आणि रेघ जांघेकडून पायाकडे, म्हणजे वरून खाली उतरते. जंतूंची रेघ खालून वर चढते. दोहोंतला हा भेद ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

भारतात फायलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला, आणि २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांतून वर्षातून एकदा सर्वांस गोळ्या देण्याची मोहीम निघाली. सन १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या सिंधुदुर्गाची गणना अशा जिल्ह्यांत झाली. परंतु नव्या संशोधनाने एक महत्त्वाची गोष्ट उघड केली आहे. हत्तीपायाच्या रोग्यास जे वारंवार ताप व सुजेचे झटके येतात, त्यांतले बहुतेक कृमीमुळे नसून कातडीच्या फटींतून शिरलेल्या जंतूंमुळे येतात. प्रत्येक झटक्यात नळ्या आणखी निकामी होतात, पाय आणखी जड होतो, जड पायाला आणखी फटी पडतात. हे चक्र तोडण्याचा उपाय साधा आहे. रोज साबण व पाण्याने पाय धुणे, बेचक्या कोरड्या करणे, चिखल्यांना मलम लावणे, निजताना पाय उशीवर उंच ठेवणे, आणि पायताण वापरणे.

येथे ज्ञातिमंडळाशी संबंध असलेले दोन शब्द बोलतो. वधूवर मेळाव्याच्या निमित्ताने आम्हांस पुष्कळ घरे ठाऊक झाली. एका सुशील मुलीचे ठरलेले स्थळ मोडले, कारण साखरपुड्याच्या दिवशी तिच्या आईचा सुजलेला पाय वरपक्षाच्या दृष्टीस पडला. ती माउली तोपर्यंत लुगड्याच्या ओच्याआड पाय लपवून वावरत होती. लपविता यावे म्हणून तिने कधी डॉक्टरही गाठला नाही. बंधूंनो, असा पाय आईकडून मुलीस वारशाने येत नाही. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही. डासाने अगर काट्याने झालेल्या दुखण्यासाठी मुलीस नाकारणे हे अज्ञान आहे, आणि अज्ञान दूर करण्यासाठीच मंडळे स्थापन होतात. पाय लपवावा लागतो म्हणून दुखणे वाढते, आणि दुखणे वाढते म्हणून अधिक लपवावे लागते. या फेऱ्याला आपणच कारण आहोत.

अवधाण आल्यास काय करावे? रेघेचे टोक जेथे असेल तेथे शाईच्या लेखणीने खूण करावी आणि वेळ लिहावी. पुढे किती सरकली हे डॉक्टरांस त्यावरून कळते. पाय उंच ठेवून स्वस्थ पडावे. कोमट शेक चालेल. गाठ चोळू नये, जखम ब्लेडने फोडू नये, करकचून बांधू नये, जखमेवर शेण, चुना अगर राख लावू नये, धनुर्वात होतो. सहाणेवर उगाळलेले रक्तचंदन विषारी नव्हे, परंतु लेपाखाली रेघ झाकली जाते आणि मोलाचा दिवस निघून जातो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दिलेल्या गोळ्या, बरे वाटले तरी, सांगितलेले सर्व दिवस घ्याव्यात. आणि हुडहुडी, नाडीचा वेग, धाप, बरळणे, लघवी कमी होणे, असे काही दिसल्यास विष रक्तात गेले असे समजून रात्र असली तरी थांबू नये. मधुमेही, वृद्ध, तान्ही मुले आणि ज्यांची काखेतील अगर जांघेतील ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली आहे, त्यांनी तर लहानशा फटीलाही जपावे.

शेवटी पुन्हा त्या मुलाकडे वळतो. पुष्कळ वर्षांनी रत्नागिरीच्या रेल्वे स्थानकावर एका गृहस्थाने वाकून आम्हांस नमस्कार केला. तोच विद्यार्थी, आता मुंबईस नोकरी करणारा, मुलाबाळांचा धनी. आमची दृष्टी नकळत त्याच्या पायाकडे गेली. डाव्या पायातले पायताण उजव्यापेक्षा मोठे होते. आम्ही म्हटले, "बाळ, त्या दिवशी आम्ही तुला घरी सोडावयास हवे होते." तो हसून म्हणाला, "गुरुजी, घरी सोडले असते तरी आईने लेपच लावला असता. तिला तरी कुठे ठाऊक होते?"

त्याने आम्हांस क्षमा केली, परंतु त्या उत्तराने आमची सुटका झाली नाही. शिक्षकास ठाऊक नव्हते, आईस ठाऊक नव्हते, गावात कोणासच ठाऊक नव्हते. एवढ्याशा ज्ञानाच्या अभावी एक मूल मृत्यूच्या दारी जाऊन आले आणि जन्माचा जड पाय घेऊन परतले. आज या मंडपातील प्रत्येक घराला ते ठाऊक झाले आहे. यापुढे आपल्या घरातले मूल लंगडत येऊन "अंग मोडून आले" म्हणेल, तेव्हा त्याचे गणित अगर शेतीचे काम क्षणभर बाजूस ठेवून त्याचा पाय उजेडात पाहावा, जांघ चाचपावी. एवढे केलेत तर आमचे ऋण फिटले असे आम्ही समजू.